लकडगंजच्या रस्त्यावर सायकलची वाट

लकडगंज हे नाव लाकडावरून पडले. गंज म्हणजे बाजारपेठ. नागपूर शहराच्या पूर्व अंगाला ही वस्ती आहे. येथे लाकडाच्या टाली आहेत, आरागिरण्या आहेत. सागवानाचे ओंडके येतात, आऱ्यावर चिरले जातात आणि फळ्या होऊन बाहेर पडतात. घराची चौकट करायची झाली, छपराला बल्ल्या हव्या झाल्या, की आसपासच्या गावांतली माणसे लकडगंजला येतात. तुमच्यापैकीही पुष्कळजण येऊन गेले असतील.

लकडगंजच्या शेजारी इतवारी आणि गांधीबाग या जुन्या पेठा आहेत. पलीकडे कळमन्याचा मोठा बाजार आहे. तेथे धान्य, भाजी आणि संत्री येतात. भंडाऱ्याकडून येणारा रस्ता पारडीवरून शहरात शिरतो. पुढे सेंट्रल ॲव्हेन्यू नावाचा मोठा रस्ता लागतो. या रस्त्यावर आता मेट्रोचे खांब उभे आहेत. सीताबर्डीपासून प्रजापतीनगरपर्यंतची मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती वरून जाते. खालचा रस्ता मात्र भरलेलाच असतो. ट्रक, बस, मोटारी, ऑटो, ई-रिक्षा, हातठेले, पायी चालणारी माणसे. आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या सायकली.

या सायकली कोणाच्या असतात? सकाळी पाहिले तर समजते. आरागिरणीवर जाणारा मजूर सायकलवर असतो. डबा हँडलला अडकवलेला असतो. गवळी असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लोंबत असतात. सुतार असतो, त्याची हत्यारे पिशवीत असतात. पेपर टाकणारा मुलगा असतो. शाळेत जाणाऱ्या मुली असतात. पेट्रोल न लागणारे वाहन त्यांना परवडते, म्हणून त्यांनी ते घेतलेले असते.

आम्ही पारडीहून येणाऱ्या एका मजुराला विचारले, "काय भाऊ, रस्ता कसा आहे?"

तो म्हणाला, "सकाळी बरा राहते जी. संध्याकाळी मात्र जीव मुठीत धरून जा लागते. मागून ट्रकवाला भोंगा वाजवते, बाजूनं ऑटोवाला दाबते. आता सायकल काय डोक्यावर घेऊन जावं?"

त्याचा प्रश्न खरा आहे. या पाठात आपण त्याचाच विचार करणार आहोत.

सायकलवाले थोडे आहेत असे काही लोक म्हणतात. ते बरोबर नाही. २०११ च्या जनगणनेत लोकांना विचारले होते, की तुम्ही कामावर कसे जाता? शेतकरी, शेतमजूर आणि घरीच धंदा करणारे लोक त्यात धरले नव्हते. बाकीच्यांपैकी सुमारे २ कोटी ६० लाख माणसांनी सायकल सांगितली. फटफटी आणि स्कूटरवाले त्याहून थोडे कमी होते. त्यानंतर फटफट्या पुष्कळ वाढल्या, हे खरे. तरी सायकल गेली नाही. ती फक्त रस्त्याच्या कडेला ढकलली गेली.

ढकलली गेली म्हणजे कशी, तेही पाहा. नागपुरात बरेच रस्ते आता सिमेंटचे झाले आहेत. सिमेंटचा थर जाड असतो. त्याच्या कडेला गट्टू बसवतात. पुष्कळ ठिकाणी सिमेंट आणि गट्टू यांच्यामध्ये फट किंवा पायरी राहते. मोटारीच्या रुंद चाकाला ती कळतही नाही. सायकलचे चाक दीड-दोन बोटे रुंद. ते फटीत अडकले की हँडल वळत नाही आणि माणूस रस्त्याच्या बाजूला पडतो. म्हणून सायकलवाला गट्टूवरून जात नाही, सिमेंटवरूनच जातो. मोटारवाल्याला वाटते, हा मुद्दाम मध्ये चालतो आहे. तो चिडतो. दोघांच्या भांडणाचे मूळ चार बोटांच्या फटीत असते.

कडेला मोटार उभी असली तर आणखी वेगळे संकट. आत बसलेला माणूस मागे न पाहता दार उघडतो. सायकलवाला दारावर आदळतो, किंवा दार चुकवायला एकदम उजवीकडे वळतो. उजवीकडून ट्रक येत असतो.

आता ट्रकची गोष्ट नीट समजून घेऊ. लाकडाच्या बाजारात ट्रक येणारच. ते थांबवता येत नाहीत. पण ट्रक वळतो कसा, हे सायकलवाल्याला ठाऊक असले पाहिजे.

तुम्ही ट्रॅक्टर-ट्रॉली पाहिली आहे. शेताच्या बांधावरून ट्रॅक्टर डावीकडे वळतो. ट्रॅक्टरची पुढची चाके कोपरा सोडून, लांबून जातात. ट्रॉलीचे चाक मात्र बांधाचा कोपरा खात जाते. होय की नाही? लांब ट्रकचेही तसेच असते. पुढचे चाक लांबून जाते, मागचे चाक आतून जाते. वाहन जितके लांब, तितके मागचे चाक जास्त आत येते.

आता चौकात काय होते ते डोळ्यांपुढे आणा. लाल दिवा लागला आहे. ट्रक थांबला आहे. त्याच्या डाव्या बाजूला दोन-तीन हात जागा आहे. सायकलवाला त्या जागेतून पुढे येतो आणि ट्रकच्या बाजूला उभा राहतो. दिवा हिरवा होतो. ट्रक डावीकडे वळतो. पुढचे चाक सायकलच्या पुढून निघून जाते. सायकलवाल्याला वाटते, सुटलो. तेवढ्यात ट्रकची बाजू त्याच्यावर येऊ लागते आणि पाठोपाठ मागचे चाक येते. डावीकडे पदपथाची कड असते. पळायला जागा नसते.

ड्रायव्हरला दिसत नाही काय? आपल्या देशात ड्रायव्हर उजव्या बाजूला बसतो. त्याची जागा उंच असते. डाव्या दाराखालचा भाग त्याला दिसत नाही. आरसा असतो, पण आरशातही काही जागा लपलेली राहते. सायकलवाला नेमका तेथेच उभा असतो. म्हणून ट्रकच्या डाव्या कुशीत कधीही उभे राहू नये. मागे थांबावे. ट्रक निघून गेला की मग निघावे. अर्धे मिनिट जाईल. जाऊ द्या.

मात्र सगळा भार सायकलवाल्यावर टाकून चालणार नाही. दमून घरी निघालेला माणूस प्रत्येक चौकात सारखाच सावध राहील, असे नाही. शाळेतल्या मुलीकडून तर तशी अपेक्षाच करू नये. एखाद्याकडून चूक झाली तरी जीव जाऊ नये, असा रस्ता करता येतो. तो कसा करतात ते आता पाहू.

पहिली गोष्ट वेगाची. समजा, एक मोटार ताशी ३० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे एका सेकंदात ती ८ मीटरच्या वर जाते. समोर सायकलवाला आला. ड्रायव्हरने पाहिले, मग पाय ब्रेकवर ठेवला. एवढ्यात साधारण एक सेकंद जातो. मग ब्रेक लागून गाडी थांबते. रस्ता कोरडा असला तर एकंदर १४ मीटरच्या आसपास जागा लागते. आता तीच मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरा. तिला थांबायला २८ ते ३० मीटर लागतात. वेग दुप्पटही झाला नाही, पण थांबायला लागणारी जागा दुप्पट झाली. पावसात ती आणखी वाढते. आणि धक्का बसलाच, तर ३० च्या वेगात बहुतेक माणसे वाचतात. ५० च्या वेगात मरण्याचा धोका कितीतरी वाढतो.

म्हणून जाणते लोक असे सांगतात, की ज्या गल्लीत वाहने हळू चालतात तेथे सायकलला वेगळी वाट लागत नाही. इतवारीच्या अरुंद बोळात वेगळी वाट करणार तरी कोठे? तेथे सगळ्यांनी हळू चालावे, एवढे पुरे. पण जेथे ट्रक आणि बसगाड्या वेगाने जातात, तेथे सायकल त्यांच्यात मिसळू नये. तेथे वेगळी वाट हवी.

वेगळी वाट म्हणजे काय? रस्त्यावर पांढरी किंवा हिरवी रेघ ओढली म्हणजे वाट झाली काय?

रेघ ओढणे सोपे आहे. एका रात्रीत होते. नागपुरात असा प्रयत्न झालेला आहे. २०२० साली करोनाच्या साथीत बस आणि रेल्वे बंद पडल्या होत्या. त्या वेळी केंद्र सरकारच्या शहरांच्या खात्याने शहरांशहरांत एक स्पर्धा लावली. सायकलसाठी रस्ते कोण चांगले करतो, अशी ती स्पर्धा होती. नागपूर महानगरपालिकेने तीत भाग घेतला. शहराच्या पश्चिमेकडच्या रुंद, झाडीच्या रस्त्यांवर रंगाचे पट्टे आखले. जुलै २०२१ मध्ये देशातील ११ शहरांना बक्षीस मिळाले. त्यांत नागपूर होते, आणि आपल्याच राज्यातले पिंपरी-चिंचवडही होते. बक्षीस प्रत्येकी १ कोटी रुपयांचे होते.

हे काम चांगले झाले. पण आम्हाला एक गोष्ट सांगावीशी वाटते. पश्चिमेकडच्या त्या रस्त्यांवर सकाळी व्यायामाला निघणारे पुष्कळ. त्यांनीही सायकल चालवावी, आनंद आहे. परंतु पोटासाठी सायकल चालवणारा माणूस पूर्वेकडे आहे. लकडगंज, कळमना, पारडी, वाठोडा या बाजूला आहे. त्याच्या रस्त्यावर ट्रक जास्त आहेत आणि जागा कमी आहे. वाट करायची तर आधी त्याच्यासाठी करावी.

शिवाय रंगाची रेघ मोटारीला अडवत नाही. रेघेवर मोटार उभी राहिली की सायकलवाला पुन्हा ट्रकपुढे येतो. दोन पावसाळे गेले की रंगही पुसट होतो. म्हणून मोठ्या रस्त्यावर सायकलची वाट कडेच्या दगडांनी वेगळी करावी लागते. वीतभर उंचीची कड पुरते. मोटार त्यावर सहज चढत नाही, आणि पावसाचे पाणी जायला मधून मधून फटी ठेवता येतात. चौकात वाटेला मोटारीच्या थोडे पुढे थांबायची जागा देतात. मग सायकलवाले ट्रकच्या पुढे उभे राहतात. ड्रायव्हरला ते काचेतून दिसतात. वर जी मागच्या चाकाची गोष्ट सांगितली, तिच्यावर हा एक साधा उपाय आहे. कोपऱ्याची कड जरा पुढे घेतली की ट्रकला वळताना वेग कमी करावाच लागतो.

वाट किती रुंद हवी? सायकलचे हँडल दोन फूट असते. पण सायकल सरळ रेषेत जात नाही, थोडी डुलते. दुधाच्या कॅन असल्या तर आणखी जागा हवी. मागून येणाऱ्याला पुढे जाता आले पाहिजे. म्हणून कमीत कमी २ मीटर, म्हणजे साडेसहा फूट रुंदी सांगितली आहे.

हे माप कोणी सांगितले? आपल्याच देशातल्या इंजिनिअरांनी. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअर लोकांची संस्था आहे. ती १९३४ साली स्थापन झाली. रस्ता कसा असावा, पूल कसा असावा, याचे नियम ती छापते. सायकलच्या वाटेचे नियम तिने १९६२ साली छापले. पुढे २०१५ साली ते सुधारून पुन्हा छापले. १९६२ च्या नियमात एक सोपा हिशेब आहे. ज्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी तासाला २०० हून अधिक मोटारगाड्या जातात, तेथे तासाला १०० सायकली असल्या तरी वेगळी वाट करणे योग्य आहे.

हा हिशेब मनात करून पाहा. तासाला २०० मोटारी म्हणजे मिनिटाला तीन-साडेतीन. तासाला १०० सायकली म्हणजे तीन मिनिटांत पाच. सेंट्रल ॲव्हेन्यूवर मिनिटाला तीन मोटारी कोणत्या मध्यरात्री जातात, हे ज्याने तो रस्ता पाहिला आहे त्याने सांगावे! सांगायचे एवढेच, की नियम साठ वर्षांहून जुना आहे. नवीन काही मागायचे नाही.

मग वाटा झाल्या का नाहीत? काही शहरांत झाल्या. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. २००६ साली पुण्यात बससाठी वेगळे रस्ते केले. सातारा रस्त्यावर आणि सोलापूर रस्त्यावर बसच्या रस्त्याबरोबर सायकलच्या वाटाही बांधल्या. पण वाट थोडे अंतर चाले आणि तुटे. कोठे मध्ये झाड, कोठे विजेचा डबा, कोठे बसथांबा. कोठे दुकानासमोर फटफट्या लावलेल्या. प्रत्येक ठिकाणी सायकलवाल्याने उतरायचे, सायकल उचलायची, पुन्हा चढायचे. तो कंटाळला आणि मोठ्या रस्त्यावरून जाऊ लागला. मग लोक म्हणू लागले, पाहा, वाट केली तरी कोणी वापरत नाही. पाटाला मध्येच भगदाड असेल तर पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचेल काय? सायकलच्या वाटेचेही तसेच आहे. ती घरापासून कामाच्या जागेपर्यंत सलग हवी.

परदेशातले एक उदाहरण सांगतो. युरोपात हॉलंड नावाचा छोटा देश आहे. तेथे आज घरोघरी सायकली आहेत. पण ते पहिल्यापासून तसेच राहिले, असे नाही. १९५० नंतर तेथे लोकांकडे पैसा आला. मोटारी वाढल्या. रस्ते रुंद करायला घरे पाडली. सायकल कमी होऊ लागली आणि अपघात वाढले. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. मुलांना मारणे थांबवा, असे फलक घेऊन त्यांनी रस्ते अडवले. १९७३ साली तेलाची टंचाई झाली. रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा लोकांना मोकळा रस्ता पुन्हा दिसला. पुढे हेग आणि टिलबर्ग या दोन शहरांत सरकारने सायकलच्या चांगल्या वाटा बांधून पाहिल्या. आज त्या देशात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या तेव्हाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. हे एकट्या सायकलच्या वाटेने झाले नाही. मोटारींचा वेग कमी केला, वस्तीतले रस्ते बदलले, कायदे केले. वाटा त्यांतला एक मोठा भाग होत्या.

हेग शहरात वाटेला सर्वांत जास्त विरोध कोणी केला, ठाऊक आहे? दुकानदारांनी. त्यांना वाटले, दुकानापुढे मोटार उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही.

आपल्याकडेही हाच प्रश्न येईल. लकडगंजमधले एक दुकानदार आम्हाला म्हणाले, "तुम्ही वाट कराल तं आमचा ट्रक कुठे लागन? ओंडका काय सायकलवर आणायचा का? आमी बी पोटासाठीच बसलो आहो न बाप्पा."

त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये. लाकडाचा धंदा ट्रकवर चालतो. ओंडके उतरवायला वेळ लागतो, हमाल लागतात, जागा लागते. दुकानापुढे दगडाची कड घातली आणि ट्रकला जागाच ठेवली नाही, तर धंदा बुडेल. धंदा बुडाला तर सायकलवर येणाऱ्या मजुराचे कामही जाईल. मग वाट कोणासाठी केली?

पण नीट पाहिले तर दुकानापुढची जागा कोण अडवतो? ट्रक तास-दोन तास येतो. मोटारी आणि फटफट्या दिवसभर असतात. त्यांतल्या पुष्कळ तर मालकांच्या आणि कामगारांच्या असतात, गिऱ्हाइकांच्या नसतात. मोटारीची रुंदी किती? सुमारे सहा फूट. सायकलची वाट किती? साडेसहा फूट. म्हणजे रस्त्याच्या एका कडेला उभ्या असलेल्या मोटारींची एक ओळ हटवली, की जवळजवळ सगळी वाट मिळते. घरे पाडावी लागत नाहीत. आणि एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली लागतात, हेही दुकानदारांनी ध्यानात घ्यावे. गिऱ्हाईक काही फक्त मोटारीतून येत नाही.

माल उतरवणाऱ्या ट्रकचा हक्क आम्हाला मान्य आहे. दिवसभर एकाच जागी उभ्या असलेल्या मोटारीचा तेवढा हक्क आम्हाला मान्य नाही.

ट्रकसाठी दोन-तीन गोष्टी करता येतात. जेथे टाली आहेत तेथे दगडाच्या कडेत मोकळी जागा सोडावी. माल चढवण्या-उतरवण्याचे तास ठरवावेत. शाळा सुटण्याच्या आणि कामगार घरी जाण्याच्या वेळी ते तास नसावेत. कोणत्या रस्त्यावर जड वाहने कोणत्या वेळी यावीत हे ठरवण्याचा अधिकार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने दिलेला आहे. नियम केवळ पाटीवर लिहून होत नाही. टालवाले, हमाल, ट्रकवाले आणि सायकलवाले यांना एकत्र बसवून तास ठरवले, तर ते पाळले जाण्याची आशा असते.

चहाच्या टपरीचा आणि भाजीच्या ठेल्याचाही विचार करावा. ते वाटेवर येऊन बसतील, अशी तक्रार होते. पण तेही गरीबच आहेत. फेरीवाल्यांसाठी २०१४ साली कायदा झाला आहे. त्याप्रमाणे त्यांना जागा नेमून देता येते. त्यांना हाकलून केलेली वाट फार दिवस मोकळी राहत नाही. चार दिवसांनी ते परत येतात, कारण पोट बरोबरच असते.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही खेड्यातली माणसे. शहरातल्या रस्त्याचे आम्ही काय करणार?

तुम्ही त्या रस्त्याने जाता ना? मग तुम्हाला विचारता येते. रस्ता वापरणाऱ्या कोणालाही अर्ज करता येतो. आता तुम्हाला लिहिता-वाचता येऊ लागले आहे. आकडेही येतात. तेव्हा आधी मोजणी करा.

दोघांनी मिळून चौकाजवळ सावलीत उभे राहावे. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा ही वेळ चांगली. एकाने सायकली मोजाव्या, दुसऱ्याने मोटारगाड्या. ट्रक, बस, मोटार, ऑटो, फटफटी ही सगळी मोटारगाडीत धरावी. कागदावर उभ्या रेघा ओढत जावे. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. एक पंधरा मिनिटे मोजून चौपट केली तरी तासाचा अंदाज येतो. पंधरा मिनिटांत २५ सायकली आणि ५० हून अधिक मोटारगाड्या भरल्या, तर १९६२ च्या नियमातली अट पूर्ण होते. हे पुन्हा दुसऱ्या दिवशी करावे. एका दिवसाच्या आकड्यावर साहेब लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कोठे फट आहे, कोठे झाकण खचले आहे, कोठे दिवा बंद आहे, तेही लिहून ठेवावे.

नागपूर महानगरपालिकेचे काम दहा झोनमध्ये वाटलेले आहे. लकडगंज हा त्यांतला एक झोन आहे. अर्ज तेथल्या कचेरीत द्यावा. अर्जाच्या दोन प्रती कराव्या. एक प्रत द्यावी. दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. याला पोच म्हणतात. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नये. महिना-दोन महिने काहीच झाले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली, आमच्या अर्जाचे काय झाले, असे विचारता येते. त्यासाठी १० रुपये फी लागते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

अर्ज असा लिहावा:

तारीख ............

मा. सहायक आयुक्त,
लकडगंज झोन, नागपूर महानगरपालिका.

विषय: सायकलसाठी वेगळी वाट करण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे लोक रोज सायकलने ............ येथून लकडगंजला कामासाठी येतो. ............ चौकात आम्ही तारीख ............ आणि ............ या दोन दिवशी मोजणी केली. संध्याकाळच्या एका तासात ............ सायकली आणि ............ मोटारगाड्या गेल्या. या रस्त्यावर सायकलला वेगळी जागा नाही. कडेला दिवसभर मोटारी उभ्या असतात. सिमेंट आणि गट्टू यांच्यामध्ये ............ या ठिकाणी फट आहे.

आमची विनंती अशी की फट लगेच बुजवावी. रस्त्याच्या एका कडेची मोटारींची ओळ हटवून तेथे दगडाची कड असलेली, कमीत कमी २ मीटर रुंद, सलग वाट करावी. टालीवर माल उतरवायला जागा आणि तास ठरवून द्यावेत. हे ठरवताना दुकानदारांबरोबर आम्हालाही बोलवावे. संध्याकाळी सात नंतरची वेळ ठेवल्यास आम्हाला येता येईल.

आपले नम्र,
(नावे, गाव, सह्या)

सोबत: दोन दिवसांच्या मोजणीचा तक्ता.